यंत्रयुगाचा अभंगकार : बा. सी. मर्ढेकर

सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास अंधेरी स्थानकाच्या पुलावर क्षणभर थांबण्याचा प्रयत्न कोणी केलाच, तर मागून येणारा लोंढा त्याला थांबू देत नाही. मेट्रोतून उतरलेले, बसमधून आलेले, पूर्वेकडून पश्चिमेला आणि पश्चिमेकडून पूर्वेला जाणारे हजारो प्रवासी एकाच वेळी त्याच जिन्यांवरून उतरत असतात. चर्चगेटची गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच निम्मी भरलेली असते. उपनगरातल्या मुंबईकराला या दृश्याचे काही वाटेनासे झाले आहे. मात्र एके काळी मराठी कवितेत या दृश्याला जागाच नव्हती. फलाट, गिरणीचा भोंगा, इराण्याचे हॉटेल, रस्त्यावरचा विजेचा दिवा, रोजची तीच ती गाडी या गोष्टी जगण्यात होत्या. कवितेत चांदणे होते, प्राजक्त होता आणि विरह होता.

हे अंतर ज्या कवीने मोडून काढले, त्याचे नाव बाळ सीताराम मर्ढेकर. नवकवितेचे प्रवर्तक म्हणून पाठ्यपुस्तकांतून ते बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांनी शहर कवितेत आणले, एवढेच सांगून पुष्कळदा त्यांची ओळख आटोपती घेतली जाते. त्यांचे खरे काम त्याहून अवघड होते. शहराचे वर्णन त्यांच्या आधीही कोणी ना कोणी केलेच होते. मर्ढेकरांनी शहराला शोभेल अशी रचना शोधली, आणि ती त्यांना सापडली ती संतांच्या अभंगात.

खानदेश ते लंडन

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोसावी. सातारा जिल्ह्यातील मर्ढे या गावावरून ते मर्ढेकर झाले. शालेय शिक्षण खानदेशातच झाले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्या पिढीतल्या हुशार मुलाकडून घरच्यांची जी अपेक्षा असे, तिला अनुसरून विशीच्या उंबरठ्यावर ते आयसीएसच्या परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. परीक्षेत यश आले नाही. कलेक्टर होण्यासाठी गेलेला हा तरुण परतला, तो चित्रकला, संगीत आणि नव्या इंग्रजी साहित्याविषयीच्या विचारांनी डोके भरून.

ते दिवसच तसे होते. १९२२ या एका वर्षात टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता आणि जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. पहिल्या महायुद्धाने मोडलेल्या माणसाची कथा सुबक, सलग भाषेत सांगता येणार नाही, हे या दोघांनी आपापल्या परीने ओळखले होते. एलियटने कविता तुकड्यांनी रचली. जॉइसने पात्राच्या मनात उमटणारे विचार, जसे येतात तसे, व्याकरणाची पर्वा न करता कागदावर उतरवले. आशय मोडलेला असेल तर रचनाही तशीच हवी, हा या लेखनाचा धडा होता. मर्ढेकर तो शिकले. सौंदर्यशास्त्रावरील त्यांचे ‘आर्ट्स अँड द मॅन’ हे इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकाचे वय अठ्ठावीसही नव्हते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ वृत्तपत्रात काम केले, महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवले आणि १९३८ च्या सुमारास ते ऑल इंडिया रेडिओच्या सेवेत दाखल झाले. पुढची सारी कारकीर्द त्यांनी नभोवाणीतच घालवली. या नोकरीचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध पुरेसा लक्षात घेतला जात नाही. नभोवाणीवर शब्द दिसत नाही, तो फक्त ऐकू येतो. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही; म्हणून प्रत्येक ओळीचा तोल कानालाच सांभाळावा लागतो. ‘बदकांचे गुपित’ (१९४७) यासारख्या संगीतिका त्यांनी याच काळात लिहिल्या. त्यांची कविता कागदावर अवघड वाटते आणि मोठ्याने वाचली की बरीचशी उलगडते, याचे एक कारण या नोकरीत शोधायला हरकत नाही.

पहिला संग्रह आणि त्यानंतरचा

‘शिशिरागम’ हा मर्ढेकरांचा पहिला कवितासंग्रह १९३९ मध्ये आला. तो वाचून पुढच्या मर्ढेकरांचा अंदाज बांधणे कोणालाही शक्य नव्हते. बालकवींची निसर्गकविता आणि रविकिरण मंडळाची प्रेमकविता यांच्या छायेत वाढलेल्या एका हळव्या कवीचे ते लेखन होते. शब्द नेमके, वृत्त निर्दोष, दुःख खरे. पण सारे ओळखीचे. त्याच वाटेने ते गेले असते, तर आज त्यांचे नाव चांगल्या कवींच्या लांबलचक यादीत मध्येच कोठेतरी सापडले असते.

त्यानंतरची आठ वर्षे निर्णायक ठरली. याच काळात दुसरे महायुद्ध झाले. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर स्फोट झाला आणि बंदरालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. १९४५ मध्ये जपानवर अणुबॉम्ब पडले. इकडे शहर फुगतच चालले होते. मुंबई शहराची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे पंधरा लाख होती. १९५१ मध्ये ती तेवीस लाखांच्या पुढे गेली. विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत १९२८ पासूनच धावत होत्या, आणि १९५० मध्ये अंधेरी महापालिकेच्या हद्दीत आली. गावठाण आणि शेतवाडीची उपनगरे शहराच्या वेळापत्रकाला बांधली जात होती.

या साऱ्याचा जाब १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहाने दिला. त्यातल्या कवितांना शीर्षके नव्हती, नुसते क्रमांक होते. शीर्षक वाचकाला आधीच सांगते की पुढे काय आहे. क्रमांक काहीच सांगत नाही. कारखान्यातून निघालेल्या वस्तूवर असतो तसा तो आकडा वाचकाला त्या जगाच्या दारात उभा करत होता.

अभंगाचे दुसरे आयुष्य

अभंगाची घडण पाहिली म्हणजे मर्ढेकरांनी काय केले ते नीट कळते. मोठ्या अभंगाच्या चौकात चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, शेवटच्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण. ही चाल महाराष्ट्राच्या कानात शतकानुशतके मुरलेली आहे. पहिला चरण कानावर पडताच ऐकणाऱ्याचे मन नकळत पुढच्या विसाव्याची, देवाच्या नावाची वाट पाहू लागते. मर्ढेकरांनी ही वाट पाहणारी जागा हेरली. ओवी-अभंगाची चाल त्यांनी जशीच्या तशी ठेवली आणि जेथे विठ्ठल यायचा, तेथे यंत्र आणले, पंक्चर आणले, फलाट आणला. कान प्रार्थनेच्या तयारीत असतो आणि अर्थ मात्र भंगाराच्या ढिगावर नेऊन सोडतो. श्रद्धा गेली आहे, हे सांगण्यासाठी त्यांना निराळे वाक्य लिहावे लागले नाही. श्रद्धेची चाल शिल्लक आहे आणि तिच्यात बसणारा देव सापडत नाही, ही त्या काळाची अवस्था रचनेनेच बोलून दाखवली.

याचे सर्वांत धारदार उदाहरण म्हणजे सर्वांच्या सुखाची आणि आरोग्याची मागणी करणाऱ्या संस्कृत प्रार्थनेचे त्यांनी केलेले रूपांतर. प्रार्थनेचा घाट तोच, विभक्तिप्रत्ययही संस्कृतचे. सुखाच्या जागी मात्र रुटीन हा इंग्रजी शब्द येऊन बसला. शब्द बदलले ते मोजकेच. पण ऋषींच्या आशीर्वादाचा कारकुनाच्या हजेरीपटाशी असा सांधा जुळला की वाचणारा आधी हसतो आणि मग त्याला हसल्याची लाज वाटते.

इंग्रजी नामाला मराठी क्रियापदाचे प्रत्यय लावणे, तांत्रिक शब्दाशेजारी ज्ञानेश्वरीच्या वळणाचा शब्द ठेवणे, विशेषण त्याच्या नामापासून तोडून दूर नेऊन ठेवणे, या त्यांच्या लकबींची त्या काळी यथेच्छ टिंगल झाली. विडंबनकारांना आयते खाद्य मिळाले. पिंपात मरून पडलेल्या उंदरांवरची कविता तर दुर्बोधतेचा नमुना म्हणूनच गाजली. बडोद्याच्या ‘अभिरुची’ मासिकातून वाचकांपुढे आलेल्या या कवितेने उंदीर म्हणजे कोण, या प्रश्नावर मराठी वाचकांना वर्षानुवर्षे भांडत ठेवले. गर्दीतली माणसे, युद्धात मेलेले सैनिक, मध्यमवर्गीय संसारी जीव, अशी अनेक उत्तरे दिली गेली. उत्तर शोधण्याच्या नादात कवितेची चाल मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली. ती चाल बडबडगीताची आहे. मरणाची गोष्ट लहान मुलाला खेळवण्याच्या ठेक्यात सांगितलेली आहे, आणि विशेषणे आपल्या जागा सोडून भलत्याच शब्दांना चिकटली आहेत. जगण्याची इच्छा आणि जगण्याची सक्ती यांची जेथे सरमिसळ झाली, तेथे व्याकरणही जागेवर राहत नाही. ही कविता सरळ शब्दक्रमात लिहून पाहावी. उंदीर तेवढे उरतात, कविता उरत नाही.

मर्ढेकर केवळ कडवट होते असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. मुंबई बंदरातल्या हिवाळी पहाटेवरची त्यांची कविता शहराकडे नुकत्याच न्हालेल्या गर्भवतीच्या रूपाने पाहते. तेथे शब्द संथ होतात, स्वर लांबतात. बिडी ओढता ओढता माडी बांधण्याची स्वप्ने पाहणाऱ्या गणपत वाण्याची कथा ते थट्टेच्या सुरात सांगतात, पण त्या थट्टेत माया आहे. फलाटाला तर त्यांनी थोरल्या भावासारखे दादा म्हणून हाक मारली आहे. आणि स्वतःतले काठिण्य भंगून जावे म्हणून केलेली त्यांची प्रार्थना ही उपरोधाचा लवलेशही नसलेली खरीखुरी प्रार्थना आहे. तीच अभंगाची ओढ एका कवितेत टवाळी करते आणि दुसरीत गुडघे टेकते. हे तुकारामांकडूनच आलेले असावे. दुकानदारीची, शेतीची, भांडणाची भाषा तुकारामांनी निःसंकोचपणे देवापुढे नेली होती. मर्ढेकरांनी कारखान्याची नेली, इतकाच फरक.

आरोपी पुस्तक

‘काही कविता’ बाजारात आल्यानंतर तिच्यातील काही रचनांवर अश्लीलतेचा आरोप ठेवून १९४८ मध्ये सरकारने खटला भरला. आरोपी स्वतः सरकारी नोकर होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि मराठीतला सर्वांत नवा कवी कोर्टात उभा. शब्द सुटे काढून पाहिले, तर त्यांतले काही शब्द सभ्य घरात उच्चारले जाणार नाहीत असे होतेच. शरीराचे, रोगाचे, वासनेचे उल्लेख उघड होते.

प्रश्न होता तो शब्द सुटे काढून पाहता येतात काय, हा. मर्ढेकर गेली दहा वर्षे जे सिद्धान्तरूपाने मांडत होते, त्याची परीक्षा आता पोलिसांच्या कागदपत्रांत होऊ घातली होती. त्यांचे म्हणणे असे की, कलाकृतीतील कोणताही घटक एकटा सुंदर किंवा कुरूप नसतो. घटकांची एकमेकांशी नाती जुळतात ती संवादाने, विरोधाने किंवा समतोलाने. ही तीन त्यांची लयतत्त्वे. सौंदर्य या लयीत असते, घटकांत नसते. साहित्याचे द्रव्य नुसता नाद नसून भावनेने भारलेला अर्थ होय, हेही त्यांनी मांडले. एखाद्या भावनेला तोलून धरणारी प्रतिमा शोधण्याच्या क्रियेला त्यांनी भावनानिष्ठ समतानता असे नाव दिले. या विचारात एलियटची आठवण होते हे खरे. पण त्यावर उभारलेली लयीची इमारत मर्ढेकरांची स्वतःची होती.

असाच आरोप जगात इतरत्रही झाला होता. जॉइसच्या ‘युलिसिस’ला अमेरिकेत १९३३ मध्ये न्यायालयाने मोकळे केले, तेही पुस्तक समग्र वाचून. मुंबईत बराच काळ राहिलेल्या सआदत हसन मंटोंना कथांसाठी वारंवार कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेही काही काळ रेडिओतच नोकरीला होते. मर्ढेकरांची अखेर निर्दोष मुक्तता झाली. मात्र नोकरी, प्रतिष्ठा आणि मनःस्वास्थ्य या तिन्हींवर टांगती तलवार घेऊन मध्यंतरीचा काळ त्यांना काढावा लागला. १९५१ मध्ये ‘आणखी काही कविता’ हा संग्रह आला. त्यातला सूर आधीपेक्षा आतल्या बाजूला वळलेला आहे. खटल्याचा तो परिणाम की वयाचा, हे ठरवणे सोपे नाही.

कादंबरीकार आणि मीमांसक

कथनाच्या क्षेत्रातही मर्ढेकरांनी हेच करून पाहिले. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत घटना फारशा नाहीत. नायकाच्या मनातून वाहणारा जाणिवांचा प्रवाह हेच कथानक. संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठी कादंबरीत इतक्या धिटाईने प्रथम वापरले गेले ते येथेच. ‘तांबडी माती’ (१९४३) आणि ‘पाणी’ (१९४८) या पुढच्या कादंबऱ्या. स्पष्ट सांगायचे तर या तिन्हींना कवितेची उंची गाठता आली नाही. प्रयोग दिसतो, त्यामागचे शास्त्र दिसते, पण पात्रे वाचकाच्या सोबत घरी येत नाहीत. अभंगाच्या आठ अक्षरांत जो दाब तयार होतो, तो शंभर पानांत पसरला की विरळ होतो. मनाच्या आतले जग कथेत जिवंत करण्याचे श्रेय गंगाधर गाडगीळ आणि त्यांच्या बरोबरीच्या नवकथाकारांकडे जाते. गाडगीळांचा ‘कडू आणि गोड’ हा संग्रह १९४८ चा. ‘काही कविता’ आणि नवकथा ही एकाच दशकातली, एकाच शहराने घडवलेली भावंडे म्हणावी लागतील.

समीक्षक मर्ढेकरांचा दरारा मात्र कवीपेक्षा कमी नव्हता. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) पासून ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) पर्यंतच्या लेखनाने मराठीत सौंदर्यशास्त्राची शिस्तशीर चर्चा सुरू झाली. मर्ढेकरांच्या बाजूने असो वा विरुद्ध, पुढच्या अभ्यासकाला त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागली. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथानेही मर्ढेकरांच्या भूमिकेची कसून तपासणी केली.

या सिद्धान्तात एक पेच होता आणि तो खुद्द कवीनेच निर्माण करून ठेवला होता. कलेचे मूल्य रचनेत आहे, नीती किंवा समाजहित यांच्याशी त्याचा संबंध नाही, असे मीमांसक मर्ढेकर ठामपणे मांडत. कवी मर्ढेकरांच्या ओळीओळींतून मात्र रेशन, युद्ध, भूक, बेकारी आणि देवाची गैरहजेरी डोकावत राहते. केवळ लयीसाठी हे द्रव्य निवडले होते, असे मानणे कठीण आहे. बहुधा कवी सिद्धान्तकारापेक्षा पुढे गेला होता. लय ही जीवनापासून सुटलेली वस्तू नसून जीवनाचा बिघाड नेमका पकडण्याचे साधन आहे, हे त्यांच्या कवितेने दाखवून दिले. त्यांच्या ग्रंथाने ते पूर्णपणे मान्य केले नाही.

२० मार्च १९५६ रोजी दिल्ली येथे मर्ढेकरांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस. साहित्य अकादमीचा १९५६ चा मराठीसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. तो ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथासाठी, कवितेसाठी नव्हे. मौज प्रकाशनाने १९५९ मध्ये ‘मर्ढेकरांची कविता’ या नावाने त्यांची कविता एकत्र आणली. दिलीप चित्रे यांनी १९४५ नंतरच्या मराठी कवितेचे इंग्रजी संकलन १९६७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा नव्या कवितेचा आरंभबिंदू म्हणून मर्ढेकरांकडेच बोट दाखवले. पुढे विजया राजाध्यक्ष यांनी या कवितेवर लिहिलेल्या विस्तृत ग्रंथाला १९९३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मर्ढेकरांच्या कवितांचे जाहीर वाचन केले, तेव्हा ज्या कवितांना दुर्बोध म्हणून बाजूला सारले गेले होते, त्या ऐकायला लोक सभागृहात गर्दी करून बसले. शालेय शिक्षणात कधी तरी उंदरांच्या कवितेला अडखळलेले अनेक जण त्यात असणार. या वेळी पुस्तक हातात नव्हते. अभंगाची चाल फक्त कानावर पडत होती.